मुलीचे मामा बंद आहेत

सकाळी साडेसातला फोन वाजला. आमच्या धंद्यात इतक्या सकाळी येणारा फोन एकतर हार्ड डिस्क गेल्याचा असतो, नाहीतर पैसे बुडाल्याचा. हा तिसराच निघाला. पलीकडून एक खणखणीत आवाज म्हणाला, "अहो शूटिंगवाले, एक विचारायचं होतं. मी त्या लग्नाला होतो की नव्हतो?"

मुलीचे मामा बोलत होते. माणूस लग्नाला होता. 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असा माइकवरून तीनदा पुकारा झाल्यावर फेटा सावरत आला होता आणि भाचीला धरून अंतरपाटापर्यंत घेऊनही गेला होता. हे सगळं दोन कॅमेऱ्यांनी टिपलं होतं. मी दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मात्र मामा नव्हते. तिथं सनई वाजत होती, चार सेकंद मिट्ट काळोख होता आणि काळोख संपला की थेट अंतरपाट. मुलगी बहुधा एकटीच चालत आली असावी. (आलीही असती. बँकेत ऑफिसर आहे.)

चूक माझी. म्हणजे माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची.

त्याचं असं झालं. बारा वर्षं मी प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. तिथं 'सी' दाबलं की ब्लेड हातात येतं, क्लिपवर टिचकी मारली की ती कापली जाते, 'व्ही' दाबलं की पुन्हा बाण. सी, टिचकी, व्ही. जेवताना पापड मोडावा तितक्या बेफिकिरीनं मी हे करायचो. मग मी फायनल कट प्रोवर आलो. सी आणि व्ही तिथंही आहेत. सी म्हणजे बाणाखालची क्लिप निवडा. व्ही म्हणजे निवडलेली क्लिप बंद करा. पहाटे तीनला डोळ्यांवर झोप आणि बोटांवर बारा वर्षं. सी, टिचकी, व्ही. मामांना निवडलं, मामांना टिचकी मारली, मामांना बंद केलं. दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी बिनचूक होती. घोटाळा होता तो दोघांच्या मधे बसलेल्या माणसात.

सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं की माणूस काय काय विचारतो बघा. किंमत विचारतो, रॅम विचारतो, कुठल्या कॅमेऱ्याच्या फाइल चालतात ते विचारतो, रात्र रात्र तुलनेचे व्हिडिओ बघतो. स्वतःच्या बोटांना मात्र विचारत नाही. मुलाचं स्थळ बघताना मुलालाच न विचारण्याची आपली जुनी रीत आहे, त्यातलाच प्रकार.

माझी मूळ तक्रार भाड्याची होती. २०१३ साली प्रीमियरवाल्या ॲडोबीनं जाहीर केलं की यापुढे नवी आवृत्ती विकत मिळणार नाही, महिन्याचे पैसे भरा आणि वापरा. सीएस सिक्स ही शेवटची, एकदा पैसे मोजून कायमची घरी आणता येणारी. त्यानंतर आम्ही सगळे भाडेकरू झालो, आणि तेही पागडीशिवाय. दहा वर्षं भाडं भरल्यावर मला एका रात्री स्वतःचं घर घेण्याची लहर आली. विंडोजवरून मॅकवर आणि प्रीमियरवरून फायनल कटवर, असे दोन उंबरठे मी एकाच उडीत ओलांडले. शहाण्यानं असं करू नये. हाताशी अर्धवट कापलेलं लग्न असताना तर मुळीच करू नये.

पहिला झटका करंगळीला बसला. विंडोजवर कंट्रोलचं बटण करंगळीकडे असतं, मॅकवर तेच काम कमांड करतं आणि ते अंगठ्याखाली येतं. आयुष्यभर सेव्ह, कॉपी, अनडू करून झिजलेली माझी करंगळी एका रात्रीत सेवानिवृत्त झाली आणि चाळिशी ओलांडल्यावर मी अंगठेबहाद्दर झालो.

दुसरा झटका सेव्हचा. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी एडिटिंग केलं त्यांना कळेल. यूपीएसनं पहिली शिट्टी मारायच्या आत सेव्ह झालं पाहिजे, म्हणून आम्ही दर कटनंतर सेव्ह करायचो. पुढे वीज सुधारली, हात सुधारला नाही. फायनल कट प्रोच्या मेनूत 'सेव्ह' नावाचं कलमच नाही. ते आपलं आपण सगळं जपून ठेवतं. ऐकायला किती छान! पण देव्हाराच नसलेल्या घरात दिवेलागणीला कुठं तोंड करून हात जोडायचे? पहिले आठ दिवस मला रात्री झोप लागत नव्हती. काम जपलं गेलंय हे डोक्याला माहीत होतं. बोटांना कोणी कळवलं नव्हतं.

तिसरा झटका माळ्याचा, आणि तो खरा वर्मी लागला. जुन्या टाइमलाइनवर मी उजवीकडे लांब, शेवटच्या कटच्याही पलीकडे, एक माळा केला होता. 'लागेल कधीतरी' अशा क्लिपा तिथं टाकायचो. आत्याबाईंचा अर्धा उखाणा, जेवणावळीत जिलेबीकडे बघणारा मुलगा, न जमलेला ड्रोनचा शॉट. मधे भोकं, पलीकडे ढीग. नव्या घरात टाइमलाइन चुंबकाची. एक क्लिप काढली की बाकीच्या सरकत येऊन ती जागा भरतात. भोक हवं असेल तर 'गॅप' नावाची रिकामी क्लिप मुद्दाम मागून घ्यावी लागते. ट्रॅक नाहीत. पसारा करायचा तर अर्ज करून करायचा! मी महिनाभर चिडचिड केली. मग एका शांत दुपारी जुन्या प्रोजेक्टांमधले माळे उघडून पाहिले. बारा वर्षांत तिथून खाली काढलेल्या क्लिपा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. मी ज्याला अभिमानानं 'माझी पद्धत' म्हणत होतो, त्यातली निम्मी पद्धत म्हणजे जुन्या आजारांवरचे काढे होते. यूपीएसचा काढा, हँग होणाऱ्या मशीनचा काढा, रेंडर करून ठेवण्याचा काढा. आजार गेले, काढे चालू होते.

ही चिडचिड माझ्या एकट्याची नाही, तिला इतिहास आहे. २१ जून २०११ ला ॲपलनं फायनल कट प्रो एक्स बाजारात आणलं. किंमत २९९ डॉलर, रूप देखणं, आणि जुन्या फायनल कटचे प्रोजेक्ट ते उघडतच नव्हतं. आपल्याच कंपनीचे! त्यात मल्टिकॅम नव्हतं, टेपवर काढायची सोय नव्हती, कलरवाल्याकडे किंवा साउंडवाल्याकडे काम पाठवायला एक्सएमएल, ओएमएफ, ईडीएल काहीही नव्हतं. वर जुनी आवृत्ती विक्रीतून काढून घेतली. जगभरचे संकलक खवळले. अमेरिकेत कोनन ओब्रायनच्या कार्यक्रमातल्या संकलकांनी त्याच आठवड्यात टीव्हीवर त्याची टर उडवली. ॲडोबीनं संधी साधून फायनल कटवाल्यांना अर्ध्या किमतीत आपल्याकडे बोलावलं. एक्सएमएल सप्टेंबरात आलं, मल्टिकॅम पुढच्या जानेवारीत. तोवर अनेक जण घर सोडून गेले होते. मी ज्या वाटेनं तिकडे गेलो, त्याच वाटेनं ही मंडळी उलट्या दिशेनं आली होती.

या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे रँडी उबिलोस. १९९१ साली आलेल्या पहिल्या प्रीमियरचा कर्ता हाच. मग मॅक्रोमीडियात जाऊन यानं नवं सॉफ्टवेअर बांधायला घेतलं. ते १९९८ मध्ये ॲपलनं विकत घेतलं आणि १९९९ मध्ये फायनल कट प्रो म्हणून आणलं. आणि २०११ च्या त्या चुंबकी टाइमलाइनमागेही हाच. म्हणजे ज्यानं ट्रॅकची सवय लावली, त्यानंच वीस वर्षांनी येऊन सांगितलं, सोडा ती. पोहायला शिकवणाऱ्यानं विहीरच बुजवावी आणि म्हणावं, आता उडा. धाडस मानलं पाहिजे. विहिरीकाठच्यांना विचारायला हवं होतं, हेही खरं.

सगळ्यांनीच उडावं असं काही नाही म्हणा. 'पॅरासाइट' ज्यावर कापला गेला ते फायनल कट प्रो सेव्हन, म्हणजे २०११ मध्येच बंद पडलेलं सॉफ्टवेअर. संकलक यांग जिन-मो यांनी त्यावरच काम केलं, चित्रपटाला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि संकलनासाठी त्यांचं नामांकन झालं. दिग्दर्शक स्कोर्सेसींच्या संकलक थेल्मा स्कूनमेकर लाइटवर्क्सवर काम करतात, जे आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओत कुणाला नावानंही माहीत नसेल. पण लाइटवर्क्सचा तो खास कंट्रोलर पाहिलात तर उलगडा होतो. फिल्म कापायच्या स्टीनबेक टेबलावर रीळ मागेपुढे करायला जसा दांडा असायचा, तसाच दांडा त्याला दिलेला आहे. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयमध्ये स्टीनबेकवर शिकलेल्या ज्येष्ठांना तो डोळे मिटून ओळखता येईल. म्हणजे त्या कंपनीनं बोटांना विचारलं होतं.

मामांच्या फोननंतर मी कराडच्या मित्राला गाठलं. त्याचा लग्नांचा स्टुडिओ आहे. त्याच्या गावात अजून एडिटिंगला एडिटिंग म्हणत नाहीत, 'मिक्सिंग' म्हणतात. 'कॅसेट मिक्सिंगला दिलीय' असं म्हणायचे तेव्हापासूनचा शब्द. कॅसेट गेली, मिक्सिंग राहिलं. हा गडी एडियस नावाच्या सॉफ्टवेअरवाला. फुलं उधळणाऱ्या चौकटी, उघडझाप करणारे बदाम, गणपतीच्या मागं फिरणारं चक्र, अशी तयार एडियस प्रोजेक्टं त्यानं हार्ड डिस्क भरून विकत घेतलीत. क्लिप टाकली की लग्न तयार. त्याला म्हटलं, बदलत का नाहीस?

"आरं, बदलून काय हुतंय?" तो म्हणाला. "सॉफ्टवेअर बदललं म्हणून नवरीचं मिटलेलं डोळं उघडणार हायत का? गिऱ्हाईक एकच बघतंय. आमची माणसं दिसली का. तुझं मामा दिसलं न्हाईत. माझं एक तरी मामा गेल्यालं ऐकलंस का कधी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फक्त त्याचे बदाम मला बघवत नाहीत, हे मी मनातच ठेवलं.

जुन्या घरातलं सामान नव्या घरात न्यायचं हा आणखी वेगळा तमाशा. प्रीमियरच्या मेनूत 'फायनल कट प्रो एक्सएमएल' असा पर्याय आहे. मी भाबडेपणानं तो दाबला. निघालेली फाइल फायनल कट प्रोनं घेतली नाही. कारण ते एक्सएमएल जुन्या, सेव्हनच्या पिढीचं. आजचं फायनल कट वेगळी एक्सएमएल बोली बोलतं. नावावर जाऊ नये म्हणतात ते यासाठी. शेवटी दुभाषा शोधावा लागला. दाविंची रिझॉल्व्हला दोन्ही बोली कळतात, म्हणून आधी त्याच्याकडे नेलं आणि त्याच्याकडून इकडे आणलं. इतकं करून पदरात काय पडतं? ही एक्सएमएल, ईडीएल मंडळी म्हणजे सातबारा. गट नंबर, क्षेत्र, पीक सगळं कळेल. विहिरीचं पाणी गोड की मचूळ ते नाही कळणार. कुठली क्लिप, कुठून कुठवर, कितव्या सेकंदाला, एवढं येतं. साधे डिझॉल्व्ह येतात. निगुतीनं केलेला रंग, विकत घेतलेले इफेक्ट, नावांच्या पाट्या मागेच राहतात. त्यामुळे प्रोजेक्ट हलवायचाच नाही, जुनं काम जुन्या घरात संपवायचं आणि नवं काम नव्या घरात मांडायचं, हे शहाणपण मला सोळा तास घालवल्यावर सुचलं.

पाट्यांवरून आठवलं. आपल्याकडच्या जुन्या प्रोजेक्टांत 'शुभविवाह' बहुतेक वेळा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं असतं. तो फाँट नव्या मशीनवर नसला की तिथं इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये टाइप केलं तरी सुटका नाही. प्रीमियरच्या सेटिंगमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांचं निवडलं नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहते. जगातल्या कुठल्याही तुलनेच्या व्हिडिओत हा मुद्दा येत नाही. आणि आमच्या पहिल्या पाटीचं पहिलं अक्षरच 'चि.' असतं!

बरं, कीबोर्ड बदलून का घेतला नाही, असं जाणकार विचारतील. बदलता येतो. फायनल कटमध्ये हवी ती कमांड हव्या त्या बटणावर बसवता येते. रिझॉल्व्ह तर तुम्हाला प्रीमियरचा, ॲव्हिडचा, फायनल कटचा असे तयार कीबोर्ड देतं; प्रीमियरही ॲव्हिडचा आणि जुन्या फायनल कटचा देतं. प्रत्येक दुकानात शेजारच्या दुकानाची चव मिळते. मी दोन आठवडे तसं करून पाहिलं. काम झकास चाललं, आणि दोन आठवड्यांत मी नव्या सॉफ्टवेअरचं काहीही शिकलो नाही. नागपूरला बदली झालेला पुणेकर जसा तर्री-पोह्यांच्या गाडीसमोरून घरी जाऊन डब्यातली बाकरवडी खातो, तसा. शिवाय दुसऱ्याच्या मशीनवर बसलो की पुन्हा निरक्षर.

आमचा असिस्टंट या सगळ्याकडे दयेनं बघतो. तो फुकटच्या रिझॉल्व्हवर वाढलेला, तेवीस वर्षांचा. एके काळी कित्येक लाख डॉलरना मिळणारी रंगकामाची यंत्रणा, ती २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकनं घेतली आणि पुढे तिची एक आवृत्ती चक्क फुकट वाटली. ही पोरं त्यावर शिकली. एकदा मी त्याला म्हटलं, तुझ्या प्रोजेक्टची फाइल दे, घरी बसून बघतो. तो म्हणाला, "सर, फाइल नसते." नसते म्हणजे? तर प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये असतो, बाहेर द्यायचा तर आधी एक्स्पोर्ट करून घ्यावा लागतो. मी पाच मिनिटं त्याच्या डेस्कटॉपवर फाइल शोधत होतो आणि तो माझ्या मागे उभा राहून चहा पीत होता. त्याला कुठलीच सवय मोडावी लागत नाही, कारण लागलेलीच नाही. त्याचीही चाळिशी येईल. मी वाट बघतोय.

शेवटी उपाय बायकोनं केला. मामांची कथा ऐकून ती आधी मनसोक्त हसली. मग उठली, आरशावर चिकटवलेली एक लाल टिकली काढली आणि माझ्या कीबोर्डच्या व्हीवर लावली. "आता हात लागला की कळेल," म्हणाली. कळलं. बोट टिकलीवर गेलं की दचकायचं. तीन महिन्यांत बोट तिकडे जाईनासं झालं. ए म्हणजे बाण, बी म्हणजे ब्लेड, हे हाताला इतकं बसलं की एकदा टीव्हीच्या रिमोटवर मी बी शोधला. मामांचा काळोख दुरुस्त करून, वर मामांचा एक फेट्याचा क्लोज-अप फुकटात टाकून, नवा पेन ड्राइव्ह मी स्वतः नेऊन दिला.

परवा त्याच घरातून फोन आला. थोरल्या मुलीच्या लग्नाला आता सात वर्षं होतील, तेव्हाचं शूटिंगही तुमचंच, तर त्यातलं तीन मिनिटांचं काहीतरी करून द्या, मोबाइलवर टाकायचंय. आणि हो, मामा असू द्यात.

ते लग्न जुन्या घरातलं. जुनं मशीन पुसलं, महिन्याचं भाडं भरलं, प्रीमियर उघडलं. माझा ट्रॅक, माझी भोकं, उजवीकडे माझा माळा. डोळे पाणावायचे राहिले. बाण हवा होता म्हणून ए दाबलं, मामांची क्लिप धरली आणि किंचित उजवीकडे ओढली.

प्रीमियरमध्ये ए म्हणजे बाण नव्हे. ए म्हणजे धरलेल्या जागेपासून पुढचं सगळंच्या सगळं एकदम उचलणारं हत्यार. आणि या कीबोर्डवर टिकली नव्हती.

संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. तोच खणखणीत आवाज.

"शूटिंगवाले, या वेळी आलो बरं का मी! पण सात सेकंद मांडवात अंधार आणि मग मी. एवढा उशीर झाला होता का मला?"